मुंग्यांमागचा आवाज

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

ज्या घरात एकेकाळी व्हीसीआर होता, त्या घरात आजही दहा-वीस कॅसेटी कुठंतरी सापडतातच. माळ्यावर, पलंगाखालच्या पेटीत, नाहीतर शोकेसच्या खालच्या कप्प्यात. त्यातल्या बहुतेक सिनेमांच्या असतात. त्या फेकून दिल्या तरी कुणाचं फारसं काही जात नाही. पण दोन-चार कॅसेटींवर बॉलपेननं काहीतरी लिहिलेलं असतं. 'ताईचं लग्न', 'बंडूची मुंज', 'अकीका', 'शाळेचं गॅदरिंग'. या कॅसेटींची दुसरी प्रत जगात कुठंही नसते. आज मी बोलणार आहे तो व्हीसीआरच्या साफसफाईबद्दल, पण ती साफसफाई आहे या दोन-चार कॅसेटींसाठी.

आता व्हीसीआर साफ करायला शिकून काय करायचं, असं कुणी विचारील. जपानच्या जेव्हीसी कंपनीनं १९७६ साली व्हीएचएस पद्धतीचा पहिला व्हीसीआर बाजारात आणला, आणि शेवटपर्यंत असे व्हीसीआर बनवत राहिलेल्या फुनाई या जपानी कंपनीनं जुलै २०१६ मध्ये ते काम थांबवलं. म्हणजे आज तुमच्या हाती येणारं यंत्र जुनंच असणार. घरातलं, शेजाऱ्याचं किंवा जुन्या बाजारातलं. दहा-पंधरा वर्षं बंद पडून राहिलेल्या अशा यंत्राचा प्लग लावायचा आणि त्यात थेट लग्नाची कॅसेट सरकवायची, हे आपण सगळेच करतो. मीही केलं. म्हणून तर बोलायला बसलो आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए., विज्ञान शाळेतच सुटलं. त्यामुळं पुढं जे सांगणार आहे ते एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या शेजारी स्टुलावर बसून, त्यांची बोलणी खात शिकलेलं आहे.

आमच्या चिपळूणकडच्या मुसलमान घरांत व्हीसीआर आला तो आखातातून. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं, आणि मग सुटीवर येणारा जो तो काखेत खोकं घेऊन येऊ लागला. आमचे मामू १९८६ साली कुवेतहून आले तेव्हा त्यांच्या सामानात असं एक खोकं होतं. व्हीसीआर शोकेसवर विराजमान झाला आणि अम्मानं त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. दर गुरुवारी ती घरात लोबान फिरवायची, तेव्हा धूपदाणी त्याच्यासमोरही दोन मिनिटं थांबायची. एवढ्या महागाच्या वस्तूला नजर लागू नये म्हणून असेल. तो रुमाल आणि तो लोबान यांनी त्या यंत्राचं काय केलं, ते पुढं येईल.

१९८९ मध्ये आपाचा निकाह झाला. मोठा भाई तेव्हा कुवेतला नोकरीत होता, त्याला रजा मिळाली नाही. म्हणून व्हिडिओवाला बोलावला. त्यानं शूटिंग केलं, दोन कॅसेटी करून दिल्या. एक आमच्याकडं राहिली, एक येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर भाईला गेली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं. भाई इतर हजारो लोकांसारखा अम्मानमार्गे विमानानं परत आला. हातात एक पिशवी. तिच्यात दोन कपडे, कागदपत्रं आणि ती कॅसेट.

बरं झालं आणली. कारण १९९३ मध्ये आमच्या घरची प्रत आमच्याच व्हीसीआरनं खाल्ली. 'खाल्ली' हाच शब्द तेव्हा सगळे वापरत. आतून करकर आवाज आला, चित्र थांबलं, मी बटण दाबलं तर कॅसेट अर्धी बाहेर आली आणि तिच्यामागं काळ्या फितीचं भेंडोळं. मी ते जोरात ओढलं. फितीला चुण्या पडल्या, एका ठिकाणी ती तुटली. व्हिडिओवाल्याकडं मूळ कॅसेट मागायला गेलो, तर तिच्यावर त्यानं केव्हाच दुसरं लग्न रेकॉर्ड केलं होतं. अम्मा २००३ मध्ये गेली. ती चालताना, बोलताना दिसते असं चित्र मग एकच उरलं, भाईनं आणलेल्या त्या कॅसेटीत.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आमचं वरच्या मजल्यावरचं कपाट पाण्यातून वाचलं, पण भिंती कितीतरी आठवडे ओल्या होत्या. पुढच्या मे महिन्यात आपाची मुलगी आली आणि म्हणाली, "मामू, अम्मीच्या लग्नाची कॅसेट लावा ना." मी व्हीसीआर पुसला, म्हणजे वरून पुसला, आणि कॅसेट आत सरकवली. दहा-पंधरा सेकंद मांडव दिसला. मग चित्रात पांढरे फटकारे आले आणि बघता बघता पडदाभर मुंग्या. पण आवाज मात्र स्वच्छ येत राहिला. माणसांचा गलबला, भांड्यांचा आवाज आणि मग व्हिडिओवाल्याचं बोलणं, "कुवेतला मुलगा आहे ना तुमचा? त्याच्याशी बोला." त्यावर अम्मा बोलू लागली. मुंग्यांच्या मागून. एकोणीस वर्षांनी मी तो आवाज ऐकत होतो. कॅसेट ताबडतोब बंद करायला हवी होती, पण माझा हात बटणाकडं गेला नाही. चार-पाच मिनिटं मी ते तसंच चालू दिलं.

चित्र गेलं आणि आवाज राहिला, असं का झालं? याचं उत्तर समजलं की व्हीसीआरची निम्मी देखभाल समजली.

कॅसेटमधली फीत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर रुंद असते. पातळ पॉलिस्टरवर लोहाच्या ऑक्साइडची पूड एका चिकट द्रव्यानं बसवलेली. आवाज लिहिला जातो तो फितीच्या वरच्या काठावर, तिच्या लांबीला धरून, सरळ रेघेत. तो वाचणारं हेड एका जागी स्थिर असतं आणि फीत त्याच्यासमोरून सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर या संथ गतीनं सरकते. खालच्या काठावर अशीच एक अरुंद पट्टी असते, तिच्यात यंत्राला ताल धरायला ठरावीक अंतरानं खुणा असतात. व्हीसीआरवरचं 'ट्रॅकिंग'चं बटण आपण फिरवतो, तेव्हा या तालाशी चित्राची सांगड घालत असतो.

चित्राचं काम इतक्या संथपणे भागत नाही. चित्रात माहिती फार. ती वाचायला हेड आणि फीत एकमेकांसमोरून सेकंदाला पाच मीटरच्या आसपास वेगानं जायला हवीत. फीतच त्या वेगानं पळवायची म्हटलं, तर तीन तासांच्या सिनेमाला पन्नास किलोमीटरच्या वर फीत लागेल. तीन तासांच्या कॅसेटमध्ये असते सुमारे २५८ मीटर. मग कारागिरांनी युक्ती काढली. फितीला संथच ठेवलं आणि हेडं फिरवली. आत ६२ मिलिमीटर व्यासाचा चकचकीत ढोल असतो, तो किंचित कललेला असतो आणि सेकंदाला पंचवीस फेरे घेतो. त्याच्या कडेला समोरासमोर निदान दोन हेडं बसवलेली. फीत या ढोलाला अर्धा वळसा घालून जाते आणि प्रत्येक हेड तिच्यावर एक तिरकी रेघ ओढत जातं. सेकंदाला पन्नास रेघा. आपल्याकडच्या पाल पद्धतीत अशा एका रेघेची रुंदी ४९ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा साधारण विसावा भाग.

आणि हेडाच्या टोकाला जी फट असते, जिच्यातून चित्र वाचलं जातं, ती ०.३ मायक्रॉनच्या घरात. एका मिलिमीटरचे तीन हजार तुकडे केले तर त्यातला एक. लोबानच्या धुराचा कण या मापाचा असू शकतो. सिगारेटच्या धुराचाही. तो हेडावर बसला की हेड आणि फीत यांच्यात बारीकशी जागा सुटते आणि चित्राच्या जागी मुंग्या येतात. आवाजाचं हेड मात्र मोठं, स्थिर आणि धटिंगण असतं. त्याच्यावर थोडी घाण बसली तरी ते ऐकत राहतं. फार बसली तर आवाज घशातून आल्यासारखा होतो, एवढंच. म्हणून अम्मा दिसेनाशी झाली तरी ऐकू येत होती.

यावरून दुखणं ओळखता येतं. चित्रात मुंग्या आणि आवाज ठीक, तर बहुधा फिरत्या हेडावर घाण आहे. आवाज दबलेला आणि चित्र ठीक, तर स्थिर हेड मळलंय. चित्रात आडवा पट्टा तरंगत असेल, तर आधी ट्रॅकिंग फिरवून बघा. गाण्याचा सूर डळमळत असेल, तर फीत ओढणारा रबरी रोलर गुळगुळीत किंवा तेलकट झालाय. आणि आतून करकर आवाज येऊन चित्र थांबत असेल, तर तिथंच थांबा. फितीची गुंडाळी करणारी चकती फिरत नाहीये, मोकळी झालेली फीत आत साठतेय. १९९३ मध्ये आमच्याकडं हेच झालं होतं. ती चकती फिरवणाऱ्या छोट्या चाकाचं रबर झिजलं होतं. बटण न दाबता, प्लग काढून, झाकण उघडून मी ती फीत बोटांनी हळूच सोडवली असती, तर कॅसेट वाचली असती. हे मला कळलं तीस वर्षांनी.

ज्यांच्याकडून कळलं त्यांना गावात सगळे चाचा म्हणतात. बाजारपेठेत त्यांचं टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान होतं, ते २०२१ च्या पुरात गेलं. घरी वरच्या खोलीत तीन जुने व्हीसीआर होते, ते राहिले. मी व्हीसीआर आणि कॅसेट दोन्ही घेऊन गेलो. त्यांनी यंत्राकडं पाहिलंच नाही. कॅसेट उचलली, खिडकीशी नेली आणि तिच्या पारदर्शक झरोक्यातून आतल्या गुंडाळीकडं पाहिलं. मलाही दाखवलं. काळ्या गुंडाळीच्या कडेवर पांढरट, कापसाच्या तंतूंसारखं काहीतरी उगवलेलं होतं.

"बुरशी," चाचा म्हणाले. "आणि तू ती चालवलीस. किती वेळ?"

मी सांगितलं, चार-पाच मिनिटं.

"शायर आहेस तू," ते म्हणाले. ही स्तुती नव्हती.

बुरशी लागलेली फीत चालवली की ती बुरशी ढोलावर, रोलरवर, सगळ्या खांबांवर चिकटते. त्यानं हेड तर चोंदतंच. शिवाय त्या यंत्रात पुढं जी कॅसेट जाईल तिलाही प्रसाद मिळतो. हेडाला चिकटलेला कडक कण फितीवर ओरखडाही काढू शकतो, आणि फितीवरचा ओरखडा कुणी भरून काढू शकत नाही. चाचांचा नियम असा, की आधी कॅसेट बघायची, मग यंत्र साफ करायचं, मग फालतू सिनेमाची कॅसेट लावून यंत्राची परीक्षा घ्यायची, आणि ती पास झाल्यावरच मोलाची कॅसेट आत घालायची. या क्रमाला त्यांच्याकडं सूट नाही. "हेड गेलं तर जुन्या बाजारात दुसरं यंत्र मिळेल. तुझी अम्मा कुठल्या बाजारात मिळेल?" असं त्यांनी मला सरळ विचारलं.

आता प्रत्यक्ष सफाई. सगळ्यात आधी प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. प्लग काढल्यावरही थोडा वेळ थांबा, कारण आतल्या वीजपुरवठ्याच्या भागात काही काळ वीज साठून राहते. तो भाग बहुतेक वेळा मागं किंवा एका बाजूला, जाळीच्या किंवा पत्र्याच्या आवरणात असतो. तिकडं हात न्यायचाच नाही. बाजूचे आणि मागचे स्क्रू काढले की वरचं झाकण सरकून निघतं. आत कॅसेट अडकलेली नाही ना, बघून घ्या. कोकणात आत आणखीही बरंच काही सापडतं. चाचांना व्हीसीआरमध्ये पालीची अंडी, झुरळांची वसाहत, लहान मुलांनी 'पैसे टाकायची फट' समजून टाकलेली नाणी, असं सगळं मिळालेलं आहे. मऊ ब्रशनं धूळ काढा. तोंडानं फुंकर घालू नका, थुंकीचे कण उडतात.

पुसायला लागतं आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्य तितकं शुद्ध. इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. अत्तर, सेंट, रॉकेल, पेट्रोल यांतलं काहीही नको. हे सांगावं लागतं, कारण लोकांनी हे सगळं वापरलेलं आहे.

फिरत्या ढोलाला कापसाची काडी लावायची नाही. कापसाचा तंतू हेडाच्या टोकात अडकतो आणि टोक मोडतो. ते टोक फेराइटचं असतं, काचेसारखं ठिसूळ, आणि ढोलाच्या बाहेर ते केसाच्या जाडीइतकंही आलेलं नसतं. हेड साफ करायला शॅमॉय चामड्याचा तुकडा उत्तम. तो नसेल तर चाचांची पद्धत सांगतो. साधा पांढरा कागद घ्यायचा, गुळगुळीत चकचकीत नव्हे, झेरॉक्सला वापरतात तो. त्याची दोन बोटं रुंद पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवायची आणि ढोलाच्या बाजूला हलकेच टेकवून एका जागी स्थिर धरायची. दुसऱ्या हातानं ढोलाचा वरचा भाग धरून तो सावकाश फिरवायचा. कागद हलवायचा नाही, ढोल फिरवायचा. कागदावर तपकिरी-काळ्या रेघा उमटतील. पट्टी बदलायची, पुन्हा करायचं, रेघा उमटायच्या थांबेपर्यंत. वर-खाली पुसायचं नाही, एकदाही नाही. ढोलाच्या चकचकीत बाजूला उघडी बोटं लावायची नाहीत. बोटांचं तेल तिथं राहतं.

हे मी इतकं घोळून सांगतोय, कारण १९९८ च्या सुमारास मी आमच्या व्हीसीआरचं हेड आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून, खालून वर घासून 'साफ' केलं होतं. त्यानंतर तो ढोल बदलावा लागला होता.

स्थिर भागांना मात्र कापसाची काडी चालते. आवाजाचं हेड, पुसण्याचं हेड, फितीला वाट दाखवणारे छोटे खांब आणि रोलरशेजारची पोलादी दांडी, जिला मिस्त्री कॅप्स्टन म्हणतात. तिच्यावर तपकिरी कडं बसलेलं दिसेल. ते निघेपर्यंत पुसा. रबरी रोलरला अल्कोहोल सारखं लावलं तर रबर सुकतं, चिरा पडतात. त्याला सौम्य साबणाच्या पाण्यात किंचित ओलसर केलेलं कापड लावावं, मग नुसत्या पाण्याचं, मग कोरडं. हात लावून रोलर कडक किंवा आरशासारखा गुळगुळीत लागला, तर तो बदलण्याच्या लायकीचा झाला. रबरी पट्टे सैल झाले की कॅसेट आत जाते आणि लगेच बाहेर येते. पट्टा गरम पाण्यात टाकून आखडवायची एक जुनी युक्ती आहे. चाचा तिला 'आठवड्याची उमर' म्हणतात. आणि तेल? खोबरेल, शिवणयंत्राचं तेल, काहीही आत टाकू नका. जुनं ग्रीस घट्ट होऊन गिअर अडकत असतील, तर ते काम मिस्त्रीचं.

सगळं पुसल्यावर अर्धा-पाऊण तास झाकण उघडं ठेवून वाळू द्या. ढोल ओला राहिला तर फीत त्याला टपाल तिकिटासारखी चिकटते. पावसाळ्यात हे आपोआपही होतं. एसीच्या खोलीतून यंत्र बाहेरच्या दमट हवेत आणलं की आत दव धरतं. काही यंत्रांत त्याची जाणीव होणारा भाग असतो, तो सगळं थांबवतो. ज्यांच्यात नाही, त्यांना दोन-तीन तास नुसतं ठेवून द्यावं.

बाजारात हेड साफ करायच्या तयार कॅसेटी मिळत. त्यातल्या कोरड्या प्रकारच्या कॅसेटी म्हणजे बारीक पॉलिश पेपर. त्या घाण काढतात आणि हेडही झिजवतात. मला त्या आवडत नाहीत. पण झाकण उघडायची भीती वाटणाऱ्यानं ओल्या प्रकारची, कधीमधी, काही सेकंद चालवली तर मी त्याला दोष देणार नाही.

बुरशीच्या कॅसेटीचं काम वेगळं. घरी करूच नये असं मी म्हणेन, निदान एकुलत्या एक कॅसेटीवर तरी नाही. चाचांनी ती कॅसेट आधी सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर एका हवाबंद डब्यात ठेवली, बरेच दिवस. ओल गेली की बुरशी सुकते, तिचा चिकटपणा कमी होतो. मग तोंडाला फडकं बांधून, गॅलरीत बसून, कॅसेटचे खालचे पाच स्क्रू काढले. आतल्या गुंडाळ्यांच्या कडा कोरड्या मऊ ब्रशनं झाडल्या. त्यांच्या तीन यंत्रांतलं एक त्यांनी या कामासाठी बाजूला काढलेलं आहे, त्याला ते 'बळीचा बकरा' म्हणतात. त्यातला ढोल काढून टाकलेला आहे. फीत त्यातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, जाताना दोन्ही बाजूंनी मऊ, सूत न सुटणाऱ्या कापडाला घासून जाते. ते कापड दर थोड्या वेळानं बदलायचं. पहिल्या वेळी कापड राखाडी झालं. तिसऱ्या वेळी जवळजवळ पांढरं राहिलं. मग नव्या आवरणात गुंडाळ्या बसवल्या. या सगळ्याला तीन आठवडे लागले आणि त्यातले बरेच दिवस मी त्यांच्याकडं नुसता स्टुलावर बसून होतो.

त्या दिवसांत माझ्या व्हीसीआरचंही शवविच्छेदन झालं. वरच्या जाळीच्या भोकांखाली वीजपुरवठ्याचा भाग होता आणि त्यातले काही कपॅसिटर उष्णतेनं फुगले होते. क्रोशाच्या रुमालानं वर्षानुवर्षं हवा अडवली होती. आतल्या पत्र्यावर तपकिरी, सुगंधी थर होता, बोट फिरवलं की लोबानचा वास यायचा. चाचांनी बोट नाकाशी नेलं आणि म्हणाले, "गुरुवार." मग काही न बोलता तो थरही पुसला.

रोजच्या देखभालीबद्दल आता थोडक्यात. यंत्रावर कापड घालायचंच असेल तर ते बंद असताना, धुळीपासून. चालू करताना काढा. वीज कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा फालतू कॅसेट लावून तासभर चालवा, पावसाळ्यात जरा जास्त वेळा. न चालणाऱ्या यंत्रातलं रबर एका जागी दबून चपटं होतं. कॅसेट पाहून झाली की पूर्ण गुंडाळून, पुस्तकासारखी उभी ठेवा, स्पीकर आणि मोटारींपासून दूर. आणि मोलाच्या कॅसेटीच्या पाठीकडची छोटी प्लास्टिकची चीप आजच्या आज मोडून टाका. ती मोडली की त्या कॅसेटवर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. आमच्या व्हिडिओवाल्यानं मूळ कॅसेटीची चीप मोडली असती तर ही सगळी कथाच घडली नसती.

आणि मग प्रत काढून घ्या. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयानं गेल्या दशकातच इशारा दिला होता, की २०२५ पर्यंत ज्या फितींच्या डिजिटल प्रती निघणार नाहीत त्यांतल्या बहुतेक हातच्या जातील. फिती खराब होतात हे एक कारण, आणि त्या चालवणारी यंत्रं व माणसं संपत चालली आहेत हे दुसरं. ती तारीख आली म्हणून आपल्या कपाटातली फीत त्या दिवशी काही मेलेली नाही, पण आता चालढकल नको. व्हीसीआरच्या मागच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल भोकांतून वायरी काढून कॅप्चरच्या छोट्या उपकरणातून संगणकाला जोडायच्या. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, घाई करायची सोय नाही. एक प्रत संगणकावर, एक दुसऱ्या कुणाच्या घरी. मूळ कॅसेट फेकू नका.

आमची कॅसेट आम्ही चाचांच्या सगळ्यात चांगल्या यंत्रात चालवली. त्याआधी त्यांनी एका मारधाडीच्या सिनेमाची कॅसेट पूर्ण तासभर लावून परीक्षा घेतली. चित्राच्या वरच्या कडेला थोडा वाक आला, दोन ठिकाणी क्षणभर मुंग्या आल्या. बाकी सगळं आलं. मांडव आला, आपा आली, काझीसाहेब आले. मग पदर सावरत अम्मा आली आणि कॅमेऱ्याकडं न बघता, व्हिडिओवाल्याकडं बघत भाईशी बोलू लागली. जेवतोस ना वेळेवर? बहिणीचं सगळं नीट पार पडलं. तुझ्या वाटणीची सांदणं ठेवली होती, पण शेजारच्या पोरानं खाल्ली. तिच्या मागं शोकेसवर आमचा व्हीसीआर दिसत होता, वर क्रोशाचा रुमाल.

प्रत मी भाईला पाठवली. तो आता मुंब्र्याला मुलाकडं असतो. रात्री त्याचा फोन आला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सांदणं तूच खाल्ली होतीस. मी ते कुवेतलाच ओळखलं होतं."